पृथ्वीवर गोधडी घातली कोणी?

(आमच्या सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या उन्हाळ्यात आम्ही आरम नदीकाठच्या एका गावात बचत गटांच्या बैठकीला गेलो होतो. एप्रिल संपत आला होता. दुपारची वेळ, पत्र्याखाली बसवेना, म्हणून सगळ्याजणी कांदाचाळीच्या सावलीला जमल्या. बोलायचं होतं चाळीतला कांदा लवकर का सडतो यावर. पण कांद्यावरून गोष्ट उन्हावर गेली, उन्हावरून अवकाळी पावसावर, आणि मग एकीनं सरळच विचारलं, "जगाचं तापमान वाढतंय म्हणतात ते नेमकं कशानं? कोणी म्हणतं माणसानं केलं, कोणी म्हणतं निसर्गाचं चक्र आहे. खरं काय?"

आम्ही म्हटलं, आधी तुम्ही सांगा. उत्तरं भराभर आली. झाडं तोडली. गाड्या वाढल्या. ओझोनला भोक पडलं. माणसं फार झाली. एक वहिनी मान खाली घालून म्हणाल्या, "आमच्या चुलींनी होतंय ते. मागं एका मेळाव्यात साहेबांनी सांगितलं होतं, चुलीचा धूर आणि जनावरांचं शेण, यानं हवा तापते." आणि भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "काही नाही गं. देवमामलेदारांच्या वेळीपण दुष्काळ पडलाच होता. तेव्हा कुठे होत्या गाड्या?"

खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. परत आलो, वाचलं, जाणकारांना विचारलं. आज त्याचंच बोलायचं आहे. वहिनींच्या मान खाली घालण्याचंही बोलायचं आहे, कारण ते आम्हाला फार लागलं.

आजींपासून सुरुवात करू. आजींचं म्हणणं खोटं नाही. १८७०-७१ साली बागलाणात दुष्काळ पडला, तेव्हा इथले मामलेदार यशवंतराव भोसेकर यांनी सरकारी खजिना लोकांसाठी खुला केला. १ लाख २७ हजार रुपये वाटले, असं सांगतात. त्यांचीच यात्रा आपण दरवर्षी सफला एकादशीला सटाण्यात आरमच्या काठी भरवतो. पुढे १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ आला, १९७२ चा आला. बहात्तरची मिलो आणि सुकडी आठवणाऱ्या बाया अजून आपल्यात आहेत.

या दुष्काळांमागे निसर्गाचं कारण होतंच. प्रशांत महासागरातलं पाणी दर काही वर्षांनी नेहमीपेक्षा तापतं, त्याला एल निनो म्हणतात. तो आला की आपल्याकडचा पाऊस बऱ्याचदा रुसतो. १८७७ ला तो होता, १९७२ ला होता, २०१५ ला होता. म्हणजे हवामान आपोआपही वर-खाली होतं, हे शास्त्रज्ञही नाकारत नाहीत.

पण वर-खाली होणं वेगळं आणि सारखं वर जाणं वेगळं. तुमच्यापैकी किती जणी साल्हेर चढल्यात? चढताना मधेच उतार लागतो, सपाटी लागते, दहा पावलं खाली जावं लागतं. म्हणून आपण गड उतरायला लागलो असं होत नाही. तापमानाचं तसंच झालं आहे. एखादं वर्ष थंड जातं, एखादा उन्हाळा बरा जातो, पण वाट चढाची आहे. पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयानं २०२० साली एक मोठा अहवाल काढला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं, असं त्यात आहे. सगळ्या जगाचं त्याहून जास्त, १ अंशाच्या वर वाढलं आहे. एक अंश ऐकायला काहीच वाटत नाही. पण अंगातला ताप ९८ वरून १०० वर गेला की पोराला आपण शाळेत पाठवत नाही, आणि तो फरकही जेमतेम एका अंशाचाच असतो, कारण थर्मामीटरवरचे दोन अंश म्हणजे हवामानवाल्यांचा एक अंश आणि वर थोडासा.

तर चढ आहे, हे ठरलं. आता चढ कशानं, ते बघू.

हिवाळ्यात आपण गोधडी घेतो. गोधडी स्वतः काही तापत नाही, तिच्यात विस्तव नसतो. आपल्याच अंगाची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही, एवढंच. पृथ्वीचं तसंच आहे. दिवसा ऊन पडतं, जमीन तापते, आणि रात्री ती ऊब आकाशात निघून जाते. हवेतले काही वायू ही ऊब अडवतात. पाण्याची वाफ अडवते, हे तुम्ही अनुभवलेलंच आहे. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की पहाटे कडाक्याची थंडी पडते, आणि आभाळ आलं की थंडी पळते, द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा येतो. वाफेसारखाच दुसरा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साईड. काही जाळलं की निघतो तो. फरक असा की वाफ चार-आठ दिवसांत पाऊस होऊन खाली येते. हा मात्र एकदा वर गेला की त्याचा मोठा भाग शेकडो वर्षं तिथंच राहतो.

गोधडी मुळात वाईट नाही हं. ती अजिबात नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याच्या खाली १८ अंश असतं, सगळं पाणी गोठलं असतं. अडचण गोधडी जाड होण्याची आहे.

हा वायू ऊब धरतो हे कोणी दाखवलं, माहीत आहे? एका बाईनं. युनिस फूट असं तिचं नाव, अमेरिकेतली. १८५६ साली तिनं काचेच्या दोन नळ्या घेतल्या, त्यात तापमापक ठेवले, एकीत साधी हवा आणि दुसरीत हा वायू भरला आणि दोन्ही उन्हात ठेवल्या. वायूची नळी जास्त तापली, आणि उन्हातून काढल्यावर निवायलाही फार वेळ लागला. तिनं तेव्हाच लिहून ठेवलं की हवेत हा वायू जास्त झाला तर पृथ्वी तापेल. तिचा निबंध विद्वानांच्या सभेत वाचला गेला, पण तिनं नाही, एका पुरुष शास्त्रज्ञानं वाचला. पुढे दीडशे वर्षं तिचं नाव कोणी घेतलं नाही. ही तीच बाई, जिनं १८४८ साली अमेरिकेतल्या स्त्री-हक्कांच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. त्याच १८४८ साली आपल्या पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीबांनी मुलींची शाळा काढली.

फूटनंतर तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी हेच जास्त बारकाईनं मोजलं. १८९६ साली स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी हिशोब मांडला की हवेतला हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. स्वीडन थंड देश, त्यामुळे त्यांना ते बरंच वाटलं होतं. बागलाणात जन्मले असते तर नसतं वाटलं.

आता एक शंका हटकून येते. हवेत हा वायू आहेच किती? दहा लाख भागांत ४२० च्या आसपास. म्हणजे ४२० पीपीएम. एवढ्याशानं काय होतं, असं मोठे शिकलेले लोकही विचारतात. पण मैत्रिणींनो, पीपीएम काय असतं ते तुम्हाला कोणी शिकवायला नको. द्राक्षाच्या बागेत घड बुडवायला जाता ना? जीएचं द्रावण ४० पीपीएमचं करायचं तर शंभर लिटर पाण्यात किती टाकतात? चार ग्रॅम. चार ग्रॅमनं मणी फुगतो. डोस चुकला तर घड वाया जातो आणि मुकादम बोलणी देतो ते वेगळंच. थोडं म्हणजे कमी ताकदीचं, असं नसतं.

हे ४२० पूर्वी किती होतं? ध्रुवाजवळच्या जुन्या बर्फात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, ते फोडून मोजता येतं. कारखाने सुरू व्हायच्या आधी ते २८० होतं. त्याआधीच्या ८ लाख वर्षांत कधी ३०० च्या वर गेलेलं नाही. १९५८ साली चार्ल्स कीलिंग नावाच्या शास्त्रज्ञानं हवाई बेटावरच्या एका डोंगरावर रोज मोजायला सुरुवात केली, तेव्हा ते ३१५ झालं होतं. आज ४२० च्या वर आहे. गोधडी दीडपट झाली.

पण "निसर्गाचं चक्र" म्हणणारे इथंच थांबवतात. ते म्हणतात, गोधडी जाड झाली असेल, पण ती माणसानं केली कशावरून? ज्वालामुखी असतील. आणि तापलं ते गोधडीनं कशावरून? सूर्यच तापला असेल. प्रश्न चांगले आहेत, आणि त्यांची उत्तरं मोजून मिळाली आहेत.

सूर्याचं आधी. १९७८ पासून उपग्रहांनी सूर्याची ताकद सतत मोजली जाते. ती अकरा वर्षांच्या फेऱ्यात किंचित कमी-जास्त होते, पण या काळात वाढत गेलेली नाही. पृथ्वी मात्र याच काळात झपाट्यानं तापली. आणखी एक खूण आहे, ती आम्हाला सगळ्यात पटली. थंडीत जाड गोधडी घेतल्यावर आत ऊब वाढते, पण गोधडीच्या वरच्या बाजूला हात लावला तर ती गार लागते, कारण ऊब आतच अडकली. शेकोटी वाढवली असती तर आतून-बाहेरून दोन्हीकडं तापलं असतं. शास्त्रज्ञांनी हेच तपासलं. सूर्य तापला असता तर जमिनीजवळची हवा आणि फार उंचावरची हवा दोन्ही तापल्या असत्या. प्रत्यक्षात जमिनीजवळची हवा तापतेय आणि वरची निवत चाललीय. म्हणजे शेकोटी नाही, गोधडीच.

ज्वालामुखींचं लवकर उरकतं. माणसं वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साईड सोडतात, त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही सगळे ज्वालामुखी मिळून सोडत नाहीत.

आता गोधडीतला नवा कापूस कुठल्या शेतातला, ते ओळखायची युक्ती ऐका. लाकूड, कडबा, गोवरी यांतला कार्बन अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. त्यात थोडासा एक खास प्रकारचा कार्बन असतो, जो हळूहळू विझत जातो. जुनी हाडं किती वर्षांपूर्वीची हे याच्यावरूनच सांगतात. दगडी कोळसा, पेट्रोल, डिझेल जमिनीत कोट्यवधी वर्षं पडून आहेत. त्यांच्यातला तो केव्हाच विझून गेला. मग हवेत कोळशा-तेलाचा कार्बन मिसळत असेल तर हवेतलं या खास कार्बनचं प्रमाण पातळ व्हायला हवं, दुधात पाणी घातल्यासारखं. १९५० च्या दशकात हान्स सूस यांनी झाडांच्या खोडातली वर्षावर्षाची वर्तुळं तपासली आणि तसंच निघालं. हवेत वाढलेला कार्बन जुना आहे, जमिनीतून उकरून जाळलेला आहे. आणि कोळसा जमिनीतून आपणहून वर येऊन जळत नाही.

इतकं सगळं मोजलेलं आहे, तर मग वाद राहिला कसा? थोडा खरा होता. १९८८ साली संयुक्त राष्ट्रांनी जगभरच्या शास्त्रज्ञांची समिती नेमली, आयपीसीसी म्हणतात तिला. तिनं सुरुवातीला फार जपून शब्द वापरले. १९९५ च्या अहवालात माणसाचा हात "दिसतो आहे" एवढंच म्हटलं. पुरावे साठत गेले तसे शब्द पक्के होत गेले, आणि २०२१ च्या अहवालात माणसामुळेच तापलं, यात शंका नाही असं लिहिलं. मधे चूकही झाली. २००७ च्या अहवालात लिहून गेले की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात. त्याला आधार नव्हता. आपल्याच देशातले भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांनी हिमनद्यांबद्दल वेगळी मांडणी केली, तर समितीच्या अध्यक्षांनी त्यांना उडवून लावलं. अध्यक्षही भारतीयच, राजेंद्र पचौरी. जानेवारी २०१० मध्ये समितीला चूक कबूल करावी लागली. संशय घेणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. हिमनद्या वितळतायत हे मात्र खोटं ठरलं नाही. तारीख खोटी ठरली.

आणि थोडा वाद मुद्दाम पेटता ठेवला गेला. एक्झॉन ही अमेरिकेतली बडी तेल कंपनी. तिच्या पदरी असलेल्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या शेवटापासून कंपनीला आतल्या आत सांगितलं होतं की तेल-कोळसा जाळल्यानं पृथ्वी तापणार. त्यांचे अंदाज पुढे बरोबर निघाले, असं २०२३ साली झालेल्या तपासणीत दिसलं. कंपनी मात्र वर्षानुवर्षं बाहेर सांगत राहिली की अजून काही नक्की नाही. घरातल्या कर्त्याला वैद्यानं रोग सांगितलेला असावा आणि त्यानं भाऊबंदांना म्हणावं, छे, साधा खोकला आहे, तसलं हे.

ओझोनचं एका वाक्यात सांगतो, कारण हा घोळ पुष्कळ जणींचा होतो. ओझोनचा थर विरळ होण्याचं कारण फ्रिजमध्ये वापरले जाणारे वेगळे वायू होते. १९८७ च्या जागतिक करारानं ते बंद होत गेले, थर भरून येतोय, आणि ऊन वाढण्याचं ते मुख्य कारण नव्हे. झाडांचं म्हणाल तर जंगलतोडीचा वाटा आहे, पण कोळसा-तेलापेक्षा खूप कमी. गावात सावली हवी म्हणून झाडं लावाच. बांधावरचा लिंब गेला की त्या बांधावर दुपारी बसता येत नाही, हे सांगायला अहवाल लागत नाही.

आता वहिनींकडे येऊ.

चुलीतलं सरपण, गोवऱ्या, तुऱ्हाट्या यांतला कार्बन कुठला, ते आत्ताच सांगितलं. गेल्या काही वर्षांत झाडानं, पिकानं हवेतून घेतलेला. जळून तो परत हवेत गेला, पुढच्या पिकानं पुन्हा घेतला. झाड समूळ तोडलं आणि पुन्हा लावलंच नाही तर गोष्ट वेगळी. काजळीनंही थोडी उष्णता धरली जाते, हे खरं. पण पृथ्वीची गोधडी तुमच्या चुलीनं जाड केलेली नाही. चूल सोडायची असेल तर तुमच्या स्वतःच्या छातीसाठी आणि डोळ्यांसाठी सोडा, मांडीवरच्या लेकरासाठी सोडा. ते कारण पुरेसं आहे. सिलिंडर परवडत नाही म्हणून चुलीवर आलेल्या बाईला जगाच्या तापाचं पाप लावू नये.

जनावरांचं थोडं निराळं आहे. गाय-म्हैस रवंथ करते तेव्हा मिथेन नावाचा वायू निघतो. तो कार्बन डायऑक्साईडपेक्षा कितीतरी जास्त ऊब धरतो, पण साधारण बारा वर्षांत विरतो. भातखाचरांतूनही तो निघतो. भारतात १९ कोटींहून जास्त गायी-बैल आहेत, तेव्हा आपला वाटा शून्य नाही. यावरून एक मोठं भांडण झालेलं आहे, आणि ते प्रत्येक गटाला माहीत असावं असं आम्हाला वाटतं.

१९९० साली अमेरिकेतल्या एका संस्थेनं कोणता देश किती तापवतो याची यादी काढली. तिच्यात भारत आणि चीन पहिल्या काही देशांत बसवले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेतले अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली त्याला पुस्तिकेतून उत्तर दिलं. त्यांचा प्रश्न साधा होता. गरिबाच्या भाताच्या खाचरातून निघणारा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीतून निघणारा वायू एकाच तराजूत कसा तोलता? एक जगण्यासाठी, दुसरा चैनीसाठी. त्याच सुमाराला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतले ए. पी. मित्र यांनी शास्त्रज्ञांना खरोखरच भाताच्या खाचरांत उतरवलं आणि मोजायला लावलं. अमेरिकी सरकारी खात्याचा अंदाज होता की भारतातली भातशेती वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन सोडते. प्रत्यक्ष मोजलं तर निघालं सुमारे ४० लाख टन. जवळजवळ दहापट फरक. लांब बसून दुसऱ्याच्या शेताचा पंचनामा केला की असं होतं.

आजचे आकडे असे. कोळसा, तेल आणि गॅस जाळून एक अमेरिकी माणूस वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साईड सोडतो. एक भारतीय सुमारे २ टन. आणि त्या दोन टनांतही मुंबई-पुण्याचा एसी, चारचाकी, विमान हे सगळं मिसळलेलं आहे. खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या वाट्याला त्यातलं किती येत असेल, तुम्हीच बघा. मात्र याची दुसरी बाजूही सांगायला हवी. देश म्हणून बेरीज केली तर आज भारत जगात तिसरा आहे, कारण आपली वीज बरीचशी दगडी कोळशावर होते. तेव्हा "आमचा काही संबंध नाही" असंही म्हणता येणार नाही. शेतपंपाला सौर वीज मागताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

हा हिशोब आपल्या चाळीपर्यंत कसा येतो? गरम हवेत वाफ जास्त मावते, एका अंशाला सुमारे सात टक्के. अरबी समुद्रही तापलाय. पुण्याच्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात महाराष्ट्र धरून मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणारा अतिमुसळधार पाऊस तिपटीनं वाढला. पाऊस एकूण वाढला असं नाही. एकदम पडतो आणि मग दडी मारतो. उकाडा आणि दमट हवा एकत्र आली की चाळीतल्या कांद्याला काजळी धरते, पाणी सुटतं. आपल्या आगाप द्राक्षाची छाटणी पावसाळ्यातच होते, त्यात असा पाऊस आला की डाऊनीनं बाग जाते. गारपिटीबद्दल मात्र आम्ही एवढ्या खात्रीनं बोलणार नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट कोणी विसरलेलं नाही, पण गार हा छोट्या जागेत थोडा वेळ होणारा प्रकार. तिच्या जुन्या नोंदी तुटपुंज्या आहेत, आणि प्रत्येक गारेचं खापर तापमानवाढीवर फोडलं तर आपणही त्या २०३५ वाल्यांसारखेच चुकू.

पुन्हा त्या गावात जाऊन आम्ही हे सगळं सांगितलं. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दोष आमचा नाही हे कळलं. पण मग भरपाई कोण देणार?"

यावरही जगात भांडण चालू आहे. ज्यांनी जास्त तापवलं त्यांनी सोसणाऱ्यांना पैसे द्यावेत, असा निधी काढायचं २०२२ साली इजिप्तमधल्या परिषदेत ठरलं, २०२३ साली दुबईत तो सुरू झाला. म्हणून तर कारणाचा वाद इतका चिवट. कारण ठरलं की देणं कोणाचं ते ठरतं. पण ते पैसे देशादेशांतले. आपल्या शिवारात काय होतं? नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असलं तर पंचनामा होतो, आणि मदत सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जाते. ज्या बागेत पंधरा दिवसांची विरळणी ठरली होती आणि बागच गेली, तिथल्या मजूर बाईचा रोज बुडाला, तो कुठल्याच रकान्यात येत नाही. सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव आणि शेत ती करते, अशा बाईचंही तेच.

त्या गावातल्या तीन गटांनी आता ग्रामसभेसाठी अर्ज लिहायला घेतला आहे. अवकाळीनं पीक गेलं की पंचनाम्याबरोबर बुडालेल्या रोजांची यादी ग्रामपंचायतीनं करावी, त्या बायांना लगेच रोजगार हमीचं काम उघडून द्यावं, आणि दुपारी बारा ते चार उन्हात काम नको, पहाटे लवकर सुरू करावं, असं त्यात आहे. बुडालेल्या रोजांची यादी त्यांनी स्वतःच एका वहीत सुरू केली आहे, तारीख घालून. आजींनी विचारलं, "देवमामलेदारांनी खजिना उघडला तेव्हा सातबारा बघितला होता का?" हे वाक्यही अर्जात घालायचं म्हणतायत. घालावं की नाही, यावर अजून एकमत झालेलं नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही तो अर्ज पूर्ण वाचून दाखवू. वही-पेन घेऊन बसा.